एका लो वॉलची साफसफाई

रायफल हातात आली तेव्हा तिचा एकही स्क्रू धड नव्हता. सगळ्यांच्या खाचा फाकलेल्या, कडा उचकटलेल्या. शंभराहून जास्त वर्षांत ती ज्याच्या ज्याच्या हातात गेली, त्यानं समोर सापडेल तो स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला होता. नळीवर तपकिरी गंज, दस्त्याचं लाकूड मानेपाशी तेल पिऊन काळंठिक्कर. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी नख फिरवलं तर एका जागी बारीकशी गाठ लागत होती. तरीही लिव्हर खाली ओढली तेव्हा नळीचं मागचं तोंड बंद करणारा आतला ब्लॉक इतका सहज, इतका गुळगुळीत खाली सरकला की बाकीचं सगळं मी माफ करून टाकलं.

विंचेस्टर 1885, .22 कॅलिबर. ओळखणारे हिला 'लो वॉल' म्हणतात. रिसीव्हरच्या, म्हणजे ब्लॉक आणि चाप ज्यात बसतात त्या पोलादी पेटीच्या, दोन्ही बाजूंच्या भिंती हिच्यात ठेंगण्या असतात, त्यामुळे इवलंसं काडतूस बोटानं आत सरकवायला जागा मिळते. दांडग्या काडतुसांसाठी उंच भिंतींची ती 'हाय वॉल'. रचना जॉन ब्राउनिंगची, युटामधल्या ऑग्डनचा. 1879 साली त्याला हे पेटंट मिळालं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं, तेव्हा तो 24 वर्षांचा होता. 1883 मध्ये विंचेस्टरनं हक्क विकत घेतले आणि 1885 पासून 1920 पर्यंत ही रायफल बनत राहिली. लिव्हर खाली केली की ब्लॉक उभ्या खोबणीत खाली जातो, घोडाही त्याच्याबरोबर उतरतो, आणि नळीचं मागचं तोंड पूर्ण उघडं पडतं. एक काडतूस घालायचं, लिव्हर वर. मॅगझिन नाही, दुसरी गोळी नाही.

हे 'दुसरी गोळी नाही' प्रकरणच मला या छंदात घेऊन आलं. 1874 साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर आयरिश आणि अमेरिकन संघांचा सामना झाला. आयरिशांकडे तोंडाकडून ठासायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. गुण झाले 934 विरुद्ध 931. तीन गुणांनी अमेरिका जिंकली, पण आयरिश संघातल्या एकाची एक गोळी अगदी मधोमध लागली होती, फक्त शेजारच्या निशाण्यावर. शून्य गुण. ती आपल्या निशाण्यावर लागली असती तर निकाल उलटा होता. हे वाचल्यापासून एका वेळी एकच गोळी मारणाऱ्या जुन्या रायफलींनी मला पछाडलंय. परवाना, नोंदणी, कुलपाची जागा या गोष्टी रायफल बघायला जाण्याआधी उरकाव्या लागतात. त्या मी उरकल्या होत्या, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता पहिला दिवस. पहिला दिवस म्हणजे स्क्रूंचा दिवस. घरातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या तळाला टेकतच नाही. फक्त वरच्या कडांना धरतं आणि जोर लावला की कडा सोलून बाहेर निसटतं. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा समांतर भिंतींच्या असतात, त्यांना टोकाशी समांतर घासलेलं पातं लागतं, आणि तेही त्या त्या खाचेच्या मापाचं. मी चार पाती घासून तयार केली. त्यातलं एक चुकून पातळ झालं, ते फेकलं. मग प्रत्येक स्क्रूवर तेलाचा थेंब टाकून दोन दिवस नुसती वाट बघितली. या कामात वाट बघणं हे एक हत्यारच आहे, आणि माझ्याकडे ते सगळ्यात बोथट होतं.

क्रमही महत्त्वाचा. जुन्या लो वॉलची मुख्य स्प्रिंग म्हणजे एक चपटं पान असतं, नळीच्या पोटाशी स्क्रूनं धरलेलं, आणि त्यावर पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड. म्हणून आधी फोरएंड काढायचा, मग त्या पानाचा स्क्रू सैल करून ताण उतरवायचा, आणि मगच लिव्हरची पिन. पिनेला अडवणारा एक छोटा स्क्रू असतो, तो विसरून पिन ठोकणाऱ्यांच्या खुणा माझ्या रिसीव्हरवर होत्याच. पिन निघाली की लिव्हर, ब्लॉक, घोडा असं सगळं गाठोडं खालून हातात येतं. प्रत्येक पायरीला फोटो काढत होतो. फोरएंडच्या आत काळा चिकट थर होता, जुनं तेल, लाकडाचा भुसा, एक कडक झालेला तुकडा, असलं बरंच काही. सगळं खरवडून केराच्या डब्यात टाकलं आणि पुढे गेलो.

नळी आतून साफ करायला नऊ दिवस लागले. लो वॉलचा एक फायदा असा की ब्लॉक उतरवला की गज मागून सरळ आत जातो. ज्या रायफलींना हे जमत नाही त्यांना तोंडाकडून साफ करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं गज तोंडाच्या कडेला घासत राहिला की गोळी जिथून बाहेर पडते तीच कड एका बाजूला झिजते. माझ्या नळीचं तोंड भिंगाखाली बघितलं तर कड सगळीकडून सारखी होती. मूळ मालकांपैकी एकाला तरी काही कळत होतं, असं तेव्हा मनात आलं.

पहिल्या चिंध्या कोळशासारख्या काळ्या निघाल्या. मग करड्या, मग त्यांच्यावर शिशाच्या चकचकीत पापुद्र्या यायला लागल्या. सॉल्व्हंट लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी ब्राँझचा ब्रश, पुन्हा चिंध्या. नवव्या दिवशी चिंधी पांढरी आली आणि नळीत दिवा टाकून बघितलं तर मागच्या एक तृतीयांश भागात बारीक बारीक खड्डे. जणू देवीचे व्रण. हे गोळ्यांनी होत नाही, मिठानं होतं. त्या काळच्या काडतुसांच्या पेटत्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचाच चुलतभाऊ, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. गंमत अशी की ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्यामुळे बिचारा मालक संध्याकाळी नळी तेलानं चोपडून निश्चिंत झोपायचा आणि तेलाखाली मीठ आपलं काम करत राहायचं. उकळतं पाणी ओतणारे वाचले. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजवणारा मसाला आला, जर्मनीत सिनॉक्सिड 1928 मध्ये. त्याआधीच्या .22 नळ्या आरशासारख्या सापडणं म्हणजे नशीबच.

चेंबरच्या तोंडाची ती गाठ मात्र माणसाच्या हातची. .22 ची रिमफायर काडतुसं कडेवर ठोकर बसून उडतात. चेंबर रिकामं असताना चाप ओढला तर ती ठोकर थेट चेंबरच्या पोलादी कडेवर बसते. दहा-वीस वेळा काही होत नाही, हजार वेळा झालं की कड आत दाबली जाते आणि काडतूस अडकायला लागतं. माझा हात कानशीकडे गेला होता. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांना फोन केला, ते एवढंच म्हणाले, "कानस ठेवा खाली. धातू कुठे गेलेला नाही, फक्त सरकलाय. त्याला परत सरकवा." त्यासाठी चेंबरच्या मापाचा एक गुळगुळीत कठीण दांडा मिळतो, तो आत घालून हलकेच फिरवत दाबला की गाठ परत जागेवर बसते. दहा मिनिटांचं काम. कानशीनं मी तिथे कायमचा खड्डा केला असता आणि त्यात प्रत्येक पुंगळी फुगली असती.

बाहेरच्या गंजाचं काम मला सर्वांत आवडलं. तांबडा गंज घासून काढला की उघडं पांढरं लोखंड दिसतं, आणि मग जुनी रायफल नव्या नळासारखी दिसायला लागते. त्यापेक्षा गंजाचाच रंग बदलायचा. सगळे सुटे भाग काढून, लाकूड अर्थातच बाजूला ठेवून, नळी आणि रिसीव्हर ॲसिटोननं तेलमुक्त केले, एका लांब पत्र्याच्या पन्हळीत शुद्ध पाणी भरलं, नळाचं नव्हे, त्यातल्या क्षारांचे डाग बसतात. खाली दोन शेगड्या. पाणी उकळायला लागल्यावर पंधरा मिनिटांनी तांबडेपणा मावळायला लागला. अर्ध्या तासानं नळी बाहेर काढली तर तिच्यावर काळी मखमल चढलेली. तांबडा ऑक्साइड काळा झालेला असतो, आणि काळा ऑक्साइड लोखंडाला खात नाही, उलट झाकतो. जुनी रस्ट ब्लूइंगची, म्हणजे गंज चढवून लोखंड काळं करायची पद्धत याच तत्त्वावर चालते. मग अगदी बारीक स्टील वूल, तेही ॲसिटोननं धुतलेलं, हलक्या हातानं फिरवलं. मखमल निघून गेली आणि खालून गडद, जुना, खरा रंग वर आला. विंचेस्टरचा शिक्का, जो मला पुसला गेलाय असं वाटत होतं, तो अक्षर न् अक्षर वाचता येऊ लागला. पहिला शब्द लागला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो.

रिसीव्हरच्या खालच्या बाजूला तपकिरी, गुळगुळीत, हात लागून लागून आलेली झाक होती. तिला मी हात लावला नाही. गंज बोटाला लागत असेल तर तो जिवंत, लागत नसेल तर तो वय. जिवंत तेवढा मारायचा.

लाकडाबद्दल थोडक्यात. रायफल उभी ठेवली की तेल ओघळत ओघळत दस्त्याच्या मानेत मुरतं आणि अक्रोडाचं लाकूड तिथे मऊ पडतं. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप दिला, सुकल्यावर तो विटकरी झाला, झटकला, पुन्हा दिला. सहाव्या लेपाला रंग जेमतेम पिवळसर आला तेव्हा थांबलो. वरून जवसाच्या तेलाचे चार हात, प्रत्येक हात तळव्याच्या उबेनं जिरवून. पॉलिश पेपर कुठेही नाही. तो लावला असता तर लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेलं असतं, आणि एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही. आता ही रायफल तोंड खाली करून ठेवतो.

मधल्या काळात पत्र आलं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्यात. 1885 मॉडेलचा नंबर 1,10,000 च्या आतला असेल तर ते नोंद शोधून कळवतात. माझी 1905 ची निघाली, अष्टकोनी नळी, साधा चाप, कॅलिबर .22 शॉर्ट.

शॉर्ट? मी तर 'लाँग रायफल' नावाचं लांब काडतूस घालून बघितलं होतं आणि ते आत जात होतं.

चेंबरचा साचा घेतला. सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू मिळतो, तो उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. चेंबरच्या पुढे चिंधीचं बूच मारून ओतायचा, गोठला की काढायचा. आधी थोडा आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभरानं चेंबरच्या बरोबर मापावर येतो, तेव्हाच मोजायचा. मोजला. लाँग रायफल. म्हणजे कुणीतरी नंतर चेंबर खोल करून घेतलं होतं. .22 शॉर्ट 1857 पासूनचं काडतूस, गोळी 29 ग्रेन वजनाची. लाँग रायफल 1887 चं, गोळी 40 ग्रेनची. लांब गोळीला सरळ ठेवायला नळीतल्या पेचाचा, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचांचा, फेरा जास्त घट्ट लागतो, म्हणून लाँग रायफलच्या नळ्यांत तो 16 इंचांत एक असतो. माझ्या नळीत गजावर घट्ट चिंधी बसवून, कागदाची पट्टी चिकटवून मोजलं, तर 20 इंचांत एक.

त्याच आठवड्यात पहिल्यांदा नेमबाजीला नेली. जुन्या पोलादासाठी सौम्य, आवाजाच्या वेगाखालची काडतुसं. पहिल्या पाच पुंगळ्या भिंगाखाली बघितल्या, कड फुगलेली किंवा चिरलेली नव्हती, म्हणजे ब्लॉक घट्ट बसतोय. 50 मीटरवर निशाणा. आडवं पसरणं 15 मिलिमीटरच्या आत, आणि उभं 55. पाचच्या पाच गोळ्या एका उभ्या रेषेत, वर-खाली. दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. गोळ्या जणू शिडी चढत होत्या.

मी निष्कर्षावर उडी मारली. फेरा मंद, नळीत खड्डे, चेंबर उसनं, म्हणजे नळी गेली. आता नळी आतून पोखरून तिच्यात नव्या पोलादाची पेचदार नळकांडी बसवायची. बरेच जण करतात आणि रायफल उत्तम चालतेही. कारागिरांकडे घेऊन गेलो. त्यांनी रायफलीकडे बघितलंच नाही, कागद मागितले. डोळ्याला भिंग लावून एकेक भोक बघत बसले.

"ही भोकं कशी आहेत?"

"वर-खाली आहेत."

"ते नाही विचारलं. गोल आहेत का लांबट?"

गोल होती. प्रत्येक भोक कंपासानं काढल्यासारखं, भोवती शिशाची करडी कड सगळीकडून सारखी.

"फेरा कमी पडला असता तर गोळी हेलपाटत आली असती आणि कागद लांबट फाटला असता. गोळी सरळ येतेय. नळीवर आळ घेऊ नका." मग रायफल हातात घेऊन त्यांनी पुढचं लाकूड अंगठ्यानं दाबलं. "फोरएंड तुम्ही बसवलात?"

"हो. चांगला घट्ट."

"दिसतंय."

घरी येऊन वहीतल्या कागदाची पट्टी फोरएंडची मागची कड आणि रिसीव्हर यांच्यात सरकवायचा प्रयत्न केला. जाईना. लाकूड रिसीव्हरला करकचून टेकलं होतं. स्क्रू नळीत, लाकूड रिसीव्हरवर, म्हणजे मी जितका घट्ट पिळला तितका नळीवर उभा ताण, आणि नळी तापेल तसा तो बदलणार. शिडी तिथून येत होती. स्क्रू अर्धा फेरा सैल केला तर पट्टी सरकली, पण लाकूड खुळखुळायला लागलं. म्हणजे मधे काहीतरी आधार हवा होता. आधीच्या शंभर वर्षांत याला काय आधार होता?

रायफल सुटी करतानाचे फोटो उघडले. फोरएंड उताणा, काळा थर, आणि त्या थरात तो कडक तुकडा. फोटो मोठा केला. तुकडा नव्हताच तो. चामड्याची पट्टी होती, चारी बाजूंनी सरळ कापलेली, आणि मधोमध स्क्रूसाठी पंचनं पाडलेलं स्वच्छ गोल छिद्र. कचऱ्याला छिद्र कोण पाडतं? कुणीतरी बसून, मोजून, नळी आणि लाकूड यांच्यात ती पट्टी घातली होती, म्हणजे लाकूड फक्त स्क्रूपाशी टेकावं आणि मागे केसाएवढी फट राहावी. नळीचं तोंड मागून गज घालून जपणारा कदाचित तोच असेल. मी त्याचं काम खरवडून केरात टाकलं होतं आणि वर ते लाकूड स्वच्छ पुसलं होतं.

दुसऱ्या एका फोटोत पट्टी कडेवर उभी दिसत होती, शेजारी स्क्रूचं डोकं. डोकं कॅलिपरनं मोजलं, फोटोतलं गुणोत्तर लावलं, पट्टीची जाडी साधारण एक मिलिमीटर आली. जुन्या पट्ट्याच्या चामड्यातून तीन पट्ट्या कापल्या, 0.8, 1 आणि 1.2 च्या, आणि तिन्हींना तसंच छिद्र पाडलं. कातड्यातल्या आम्लानं लोखंड गंजतं, म्हणून नळीच्या बाजूला मेणाचा पातळ हात दिला. ते चामडं नळीला लागू होतं की नाही याची धाकधूक अजून आहे, दर दोन महिन्यांनी उघडून बघतो. 0.8 च्या पट्टीनं शिडी अर्ध्यावर आली. एकच्या पट्टीनं पाच गोळ्या 19 मिलिमीटरच्या गोलात बसल्या. 1.2 ची लावून बघितलीच नाही.

फोरएंड परत बसवण्याआधी लाकडाच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहिलं, 'चामडं, 1 मिमी, मुद्दाम घातलंय,' आणि तारीख. केराचा डबा तर केव्हाच रिकामा झालाय.